मशालीला मत, आठवणींसकट

26 एप्रिल 2024 ला यवतमाळ-वाशिम लोकसभेचं मतदान होतं आणि मी महाविकास आघाडीच्या संजय देशमुखांना मत देणार होतो. पक्ष शिवसेना (उद्धव ठाकरे), चिन्ह मशाल. हे वाचून काहींच्या कपाळावर आठ्या पडतील. आमच्या घरातही पडल्या. अब्बांनी एवढंच विचारलं, "शिवसेनेला? आपण?"

प्रश्न रास्त आहे. मुंबईच्या 1992-93 च्या दंगलीबद्दल श्रीकृष्ण आयोगाने शिवसेनेच्या नेत्यांवर ठपका ठेवला होता. ते जुनं झालं म्हणा, पण डिसेंबर 2019 चं काय? उद्धव ठाकरे तेव्हा मुख्यमंत्री होते. तरी शिवसेनेने लोकसभेत नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाच्या बाजूने मत दिलं आणि दोन दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला. यातलं मी काहीच विसरलेलो नाही.

पण आपल्याकडे खरी लढत दोन शिवसेनांमध्येच होती. (रिसोड-मालेगाव अकोल्यात येतं, तिथलं गणित वेगळं.) समोर शिंदे गटाच्या राजश्री पाटील होत्या. त्या निवडून आल्या तर लोकसभेत त्यांचा हात मोदी सरकारच्या बाजूने वर होणार होता. याच सरकारने 2022 मध्ये पीएचडी करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिप बंद केली. पहिली ते आठवीच्या पोरांची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही बंद केली. पहिली ते पाचवीला ती महिन्याला शंभर रुपये होती. पुण्यात माझी एक कॉफी तेवढ्यात येत नाही. मंगरुळपीरला त्यात वह्या येतात. 11 मार्च 2024 ला नागरिकत्व कायद्याचे नियमही निघाले. खासदार नाली-रस्त्यासाठी नसतो, अशा गोष्टींवर मत द्यायला असतो.

देशमुख दिग्रसचे माजी आमदार, एकेकाळी राज्यमंत्री. मी त्यांना भेटलेलो नाही, आणि माझं कारण त्यांचा स्वभाव हे नाहीच. त्यांना निवडून यायचं तर आपली मतं लागणार होती, हे त्यांना माहीत होतं. ज्याला आपल्या मतांची गरज आहे त्यालाच हिशोब विचारता येतो.

मित्र म्हणत होते, आघाडीने तेव्हापर्यंतच्या यादीत एकही मुस्लिम नाव दिलं नाही, मग नोटा दाबू. राग मलाही होता. पण नोटाने तो कुणापर्यंत पोचत नाही. सहा महिन्यांत विधानसभा होती, तेव्हा हेच लोक मोहल्ल्यात येणार होते. शिक्षणातलं पाच टक्के आरक्षण 2014 मध्ये हायकोर्टानेही थांबवलं नव्हतं, तरी ठाकरे सरकारच्या अडीच वर्षांत त्याचा कायदा झाला नाही. तो प्रश्न मी तेव्हा विचारणार होतो, मत दिलेला माणूस म्हणून.

पुणे-मुंबईतल्यांना मी सांगत होतो, गुरुवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडा. मतदान शुक्रवारी होतं, सकाळी सातला सुरू होणार होतं. जुम्याच्या आधीच उरकून घ्या, असंही सांगत होतो. दुपारच्या उन्हात अम्मी-अब्बांना रांगेत उभं करू नका.