हिशेबाची वही आपल्याच हातात हवी!

आपल्या समाजात नोकरीबद्दल जेवढे बोलले जाते तेवढे धंद्याबद्दल बोलले जात नाही, आणि धंद्याच्या हिशेबाबद्दल तर मुळीच नाही. सरकारी भरती आटली, कंत्राटी पद्धत आली, तशी आपली मुले फॅब्रिकेशन, छपाई, केटरिंग, टेम्पो-वाहतूक, छोटी सरकारी कंत्राटे यांत उतरली. त्यांच्या हिमतीला आम्ही मानतो. परंतु व्यापारी घरातला मुलगा गल्ल्यावर बसून लहानपणीच जमा-नावे शिकतो. आपल्या मुलाच्या घरात हे शिकवणारे कोणी नसते. म्हणून तो पहिल्याच वर्षी एखाद्या 'टॅक्सवाल्या'कडे जातो, कागद, आधार, पॅन, ओटीपी सगळे त्याच्या हवाली करतो आणि निश्चिंत होतो. घात इथेच होतो.

वास्तविक हिशेब हा विषय आपल्याला परका असण्याचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे अर्थशास्त्राचे पंडित होते. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षापासून १९२८ पर्यंत मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये ते व्यापारी कायदा शिकवत होते. म्हणजे हिशेबनीस होऊ पाहणाऱ्यांना बाबासाहेबांनी स्वतः धडे दिले आहेत! १९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी हेच विचारले होते की, आयकर ठरावीक उत्पन्नाच्या वरच लागतो, मग गरीब शेतकऱ्याकडून मात्र उत्पन्न असो-नसो शेतसारा का घेता? कर हा ऐपतीप्रमाणे असावा, हा त्या प्रश्नाचा गाभा होता. ऐपत नसताना कर भरू नये. ऐपत असताना चुकवू नये. सम्यक आजीविका म्हणतात ती याहून वेगळी नाही.

आता जमिनीवरची स्थिती पाहू. वकिली करताना आमच्यापुढे जी प्रकरणे येतात, त्यांची तऱ्हा ठरलेली असते. व्यवसाय चालू असतो, बँकेत पैसे येत-जात असतात, आणि सल्लागार मात्र महिन्यामागून महिने जीएसटीचे शून्य रिटर्न भरत असतो. पोर्टलवर मोबाईल आणि ई-मेल सल्लागाराचाच. नोटीस येते ती त्याच्याकडे. मालकाला पत्ता नाही. सलग ६ महिने मासिक विवरणपत्र न भरल्यास नोंदणी रद्द होऊ शकते, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. बँक खाते गोठले की मग तो धावत येतो. याहून भयंकर प्रकार म्हणजे गरिबाच्या आधार-पॅनवर बोगस फर्म उघडून कोट्यवधींची खोटी बिले फाडणे. मलिदा दुसऱ्याने खाल्ला, आरोपी मात्र झोपडीत राहणारा! अशा वेळी 'मला माहीत नव्हते' एवढे म्हणून सुटका होत नाही.

कर कमी करणे हा गुन्हा आहे काय? मुळीच नाही. कायद्याच्या चौकटीत राहून कराचे नियोजन करता येते, पण बनावट युक्त्या चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने मॅकडॉवेल प्रकरणात १९८५ सालीच स्पष्ट केले आहे. कायद्याने दिलेली सवलत घेणे हा हक्क आहे. उलाढाल लपवणे, खोटे बिल लावणे ही करचोरी आहे. आणि गंमत अशी की, आपल्या बहुतेक छोट्या धंदेवाल्यांना चोरी करण्याची गरजच नसते!

उदाहरण घ्या. एकट्या मालकीचे हार्डवेअरचे दुकान, वर्षाची उलाढाल ६० लाख. त्यातले ४० लाख बँकेतून किंवा यूपीआयने आले, २० लाख रोख. आयकरात छोट्या धंद्यासाठी अनुमानित नफ्याची योजना आहे. २ कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्याला ती घेता येते. रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ३ कोटी आहे. बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के नफा धरायचा. म्हणजे २ लाख ४० हजार अधिक १ लाख ६० हजार, एकूण ४ लाख. खरा नफा जास्त असेल तर तो जास्त दाखवावा. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सूट देऊन कर शून्य केला. तेव्हा या दुकानदाराने ४ लाख काय, खरे ८ लाख दाखवले तरी आयकर शून्य. मग लपवायचे कशाला? मात्र ही योजना कमिशन एजंट, डॉक्टर-वकिलासारखे व्यावसायिक, कंपनी किंवा एलएलपी यांना नाही, आणि एकदा घेऊन ५ वर्षांच्या आत मध्येच सोडली तर पुढची ५ वर्षे ती मिळत नाही.

जीएसटीचेही तसेच. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांवर, सेवा देणाऱ्याला २० लाखांवर नोंदणी सक्तीची होते. आपल्या हार्डवेअरवाल्याला ती करावीच लागेल. पण दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्याला कंपोझिशन योजना आहे. व्यापाऱ्याला १ टक्का, खानावळीला ५ टक्के. ६० लाखांवर ६० हजार, विषय संपला. अट एवढीच की हा कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नाही, खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही. ज्याचे गिऱ्हाईक मोठ्या कंपन्या आहेत त्याला ही योजना सोयीची नाही, कारण कंपनीला वजावट हवी असते. अमुक धंद्याला काय सोयीचे, हे बसून सांगतो तोच खरा सल्लागार.

रोखीचा मोहही आवरावा. नियमित हिशेब ठेवणाऱ्याने एका दिवसात एका माणसाला खर्चापोटी १० हजारांहून जास्त रोख दिली तर तो खर्च सामान्यतः मान्य होत नाही. नफा फुगतो आणि कर वाढतो. २० हजार वा अधिक रोख कर्ज घेतले तर तेवढाच दंड बसू शकतो.

आता हिशेबनीस निवडायचा कसा? आधी फरक समजून घ्या. पाटीवर 'टॅक्स कन्सल्टंट' कोणीही लिहू शकतो. चार्टर्ड अकाउंटंट हा १९४९ च्या कायद्याखाली नोंदलेला असतो, त्याचा सदस्य क्रमांक असतो, आणि त्याने सही केलेल्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन क्रमांक लागतो, तो संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. तपासा. रोजच्या नोंदींना साधा होतकरू हिशेबनीस पुरतो. ऑडिट आणि प्रमाणपत्राला सीएच लागतो.

दुसरे, फी आणि काम दोन्ही कागदावर लिहून घ्या. 'रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे' असे म्हणणाऱ्यापासून दूर राहा. खोट्या देणग्या आणि वजावटी दाखवून रिफंड काढणाऱ्यांवर आयकर खात्याने जुलै २०२५ मध्ये देशभर तपासणी केली. चुकीची माहिती देऊन उत्पन्न दडवले तर दंड कराच्या दुप्पट असतो, आणि तो एजंट भरत नाही, तुम्ही भरता.

तिसरे, पोर्टलवर मोबाईल आणि ई-मेल स्वतःचा ठेवा. पासवर्ड आणि डिजिटल सही स्वतःकडे ठेवा. कोरा चेक देऊ नका. कर भरल्याचे चलन आणि रिटर्नची पोच दर वेळी मागून फाईलला लावा. 'उद्यम' नोंदणी आणि जीएसटी नोंदणी यांना सरकारी फी नाही. कोणी सरकारी फी म्हणून पैसे मागितले तर पावती मागा.

'आपलाच माणूस घ्यावा का?' असे कार्यकर्ते विचारतात. जरूर घ्यावा, समाजातल्या तरुण सीएला पहिले काम आपण नाही द्यायचे तर कोणी? पण 'जयभीम' म्हटले की तपासणी संपली असे नव्हे. वरच्या सगळ्या कसोट्या त्यालाही लावा. प्रामाणिक माणूस रागावणार नाही.

हे सगळे कशासाठी? केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रमांनी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून जी खरेदी करायची, त्यात ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा आहे. तो घ्यायला 'उद्यम' नोंदणी आणि स्वच्छ कागद लागतात. नोंदणी असलेल्या उत्पादक वा सेवा देणाऱ्या छोट्या उद्योगाचे बिल करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदाराला बंधनकारक आहे. न दिल्यास व्याज मागता येते. बँकेत गेलात तर मॅनेजर आधी रिटर्न मागतो. उत्पन्न दडवून वाचवलेले दोन-चार हजार तिथे लाखांच्या कर्जाला नडतात. आणि मग जातीमुळे कर्ज नाकारले की कागदामुळे, हे सिद्ध करणेही आपल्या हातात राहत नाही. लढायचे असेल तर फाईल भक्कम हवी.

१९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून आणला गेला. कलमांचे क्रमांक बदलले, जुनी पाठ केलेली कलमे उपयोगी पडणार नाहीत. म्हणून आमची सूचना साधी आहे. विहारात रविवारी वंदनेनंतर महिन्यातून एकदा हिशेबाचा वर्ग भरवा. समाजातला एखादा सीए, एखादा निवृत्त बँक कर्मचारी, एखादा वकील बोलवा. धंदेवाल्यांनी आपापली फाईल घेऊन यावे, आणि आपला पासवर्ड नेमका कोणाकडे आहे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी प्रत्येकाने स्वतःला विचारावा. कॉमर्सच्या मुलांनाही मागे बसवा. उद्याचे हिशेबनीस त्यांच्यातूनच यायचे आहेत.