कॉपी-पेस्टला मेकअप नको

कोड रिव्ह्यूत स्टाइलचा विषय निघाला की एखादा शहाणा हमखास म्हणतो, "डुप्लिकेट कोड मुळात ठेवूच नये, मग स्टाइलची चर्चा कशाला?" तत्त्व मान्य. हंट आणि थॉमस यांनी १९९९ मध्येच 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर'मध्ये हे बजावलंय. पण रिलीज तोंडावर, टेस्ट केसेसचा पत्ता नाही आणि तोच दोनशे ओळींचा कोड तीन मॉड्यूल्समध्ये... हात कोण घालणार? तो वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

माझं भांडण आहे ते तिनातली एकच कॉपी 'साफ' करणाऱ्या हौशी लोकांशी. टॅबच्या जागी स्पेस, कंस पुढच्या ओळीवर, व्हेरिएबलला गोंडस नाव. झालं! आता दोन कॉपींचा डिफ मारला की अख्खी फाइल लाल-हिरवी. डिफला स्पेसकडे दुर्लक्ष करायला सांगता येतं हो, पण बदललेल्या नावांचं काय? ग्रेपलाही ती कॉपी सापडत नाही. तिन्ही अक्षरशः सारख्या असतील, तर डिफमध्ये दिसेल तो फरक खराच असतो. नेमकी हीच सोय या साफसफाईत मरते.

"एवढं काय त्यात?" ॲपलचा 'गोटू फेल' आठवा. एसएसएलच्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा पडली. इफला महिरपी कंस नव्हते, त्यामुळे दुसरी ओळ दरवेळी चालायची आणि सर्व्हरच्या सहीची तपासणीच व्हायची नाही. २१ फेब्रुवारी २०१४ ला आयओएस ७.०.६ काढून दुरुस्ती करावी लागली. तेव्हा जो तो कंसांवरून भांडत होता. पण त्याच फाइलमध्ये जवळपास तसाच क्रम इतर फंक्शन्समध्येही होता, आणि ही जादा ओळ एकातच! सगळे शब्दशः सारखे ठेवून शेजारी लावले असते तर ती ओळ भातातल्या खड्यासारखी दाताखाली आली असती.

तेव्हा सुंदर करायचंय? तिन्ही कॉपी करा, एकाच वेळी, वेगळ्या कमिटमध्ये, फॉरमॅटर चालवून. त्यात बग फिक्स घुसडू नका, प्लीज! "ब्लेम खराब होतो" ही सबबही जुनी झाली. २०१९ च्या गिट २.२३ पासून असले कमिट ब्लेममधून वगळता येतात. आणि तिन्हींना हात लावायला वेळ नसेल, तर त्या एकीलाही लावू नका.