ड्रिल घेताना आधी बॅटरी पाहा

दसरा जवळ आला की बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलच्या जाहिराती सुरू होतात. एका पेटीत ड्रिल, दोन बॅटऱ्या, चार्जर, वीस-पंचवीस बिट, वर सत्तर टक्के सूट, आणि मशिनाच्या अंगावर ठळक अक्षरांत ‘४८ व्होल्ट’. त्याच पानावर एखाद्या नावाजलेल्या कंपनीचं १२ व्होल्टचं ड्रिल दुप्पट किमतीला दिसतं. आकडा चौपट आणि किंमत निम्मी, असा हिशेब करून माणूस पहिली पेटी मागवतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की हा हिशेब करू नका. त्या ४८ वर विसंबून पैसे टाकण्याआधी बॅटरीच्या पोटात काय असतं ते समजून घ्या. समजायला ते मुळीच अवघड नाही.

लिथियम-आयन बॅटरीत बोटाएवढे सेल असतात. एका सेलचा दाब साधारण ३.६ व्होल्ट. पूर्ण चार्ज झाला की तो ४.२ पर्यंत चढतो आणि काम सुरू झालं की उतरू लागतो. तीन सेल एकापुढे एक जोडले की १०.८ व्होल्ट होतात. भरलेल्या अवस्थेत तेच १२.६ भरतात, म्हणून बाजारात त्यांना १२ म्हणतात. पाच सेल जोडले की १८, आणि पूर्ण भरल्यावर २१. म्हणजे १८, २० आणि २१ हे तिन्ही आकडे एकाच ताकदीच्या बॅटरीचे आहेत. डीवॉल्ट कंपनी एकाच जातीच्या बॅटरीवर अमेरिकेत ‘२० व्होल्ट मॅक्स’ छापते आणि युरोपात ‘१८ व्होल्ट’. यात फसवणूक नाही, फक्त मोजायची वेळ वेगळी आहे. पण ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असं छापलेलं दिसलं तर तिथे थांबा. ‘व्हीएफ’ हे दाब मोजायचं एकक नाही. खरोखर ४८ व्होल्ट हवे असतील तर तेरा सेल एका साखळीत लागतात, आणि मुठीत मावणाऱ्या त्या डबीत ते बसत नाहीत. आत बहुधा पाचच सेल असतात.

दुसरा आकडा अँपिअर-अवरचा. बॅटरी किती वेळ टिकेल ते यावर ठरतं. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केलं की वॉट-अवर मिळतात, आणि दोन बॅटऱ्यांची तुलना करायला हाच एक प्रामाणिक आकडा आहे. १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-अवर. ४ अँपिअर-अवर असेल तर ७२. नेहमीचा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. त्याचं नावच १८६५० आहे. या मापाच्या उत्तम सेलची धारणाही साडेतीन अँपिअर-अवरच्या आसपासच थांबते. तेव्हा असे पाच सेल घातलेल्या बॅटरीवर ‘६००० एमएएच’, म्हणजे ६ अँपिअर-अवर, लिहिलं असेल तर ते खोटं आहे. एवढी धारणा हवी तर सेलच्या दोन ओळी लागतात किंवा सेल आकाराने मोठे लागतात, आणि दोन्ही वेळा वजन वाढतं. १८६५० सेल सुमारे ४५ ते ५० ग्रॅमचा. दहा सेल असतील तर नुसत्या सेलचंच वजन साडेचारशे-पाचशे ग्रॅम भरायला हवं. बॅटरी घरी आली की स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. सहा अँपिअर-अवरची म्हणून विकलेली बॅटरी तीनशे ग्रॅम भरली, तर परत करायची मुदत संपायच्या आत ती परत पाठवा.

आता भिंतीकडे वळू. घरगुती ड्रिलबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मशिनापेक्षा भिंतीत असतं. घ्यायच्या आधी आपली भिंत कशाची आहे ते पाहा. विटांची आणि वर प्लास्टर असेल तर १२ व्होल्टचं चांगल्या कंपनीचं इम्पॅक्ट ड्रिल सहा-आठ मिलिमीटरची भोकं सहज पाडतं. पडद्याचे रॉड, फोटो, चावी-स्टँड, देवघराचं शेल्फ या सगळ्याला ते पुरतं. सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर इम्पॅक्ट लावूच नका. साध्या फिरकीवर भोक पडतं, ठोके दिले तर ते ढिलं होतं आणि गिट्टी फिरत राहते. कोकणातल्या चिऱ्याच्या घरांतही तसंच, जांभा मऊ असल्याने घाई केली की बिट भरकटतं. पण मुंबई, ठाणे, पुण्यातल्या अनेक नव्या टॉवरमध्ये मिवान पद्धतीचं बांधकाम आहे. तिथे विटा नाहीतच, आतली भिंतसुद्धा सळई घातलेल्या काँक्रीटची असते. अशा भिंतीत १२ काय आणि १८ काय, साधं इम्पॅक्ट ड्रिल किंचाळतं, बिट लाल होतं आणि भोक अर्ध्या इंचावर अडतं. घरातल्या माणसाला वाटतं मशीन वाईट निघालं. तिथे रोटरी हॅमर लागतो, ज्यात एसडीएस-प्लस दांड्याचं बिट खटकन बसतं आणि मशीन आतून घणासारखे ठोके देतं. जुन्या घरातल्या कॉलम-बीमसाठी आणि काळ्या दगडाच्या भिंतीसाठीही हेच यंत्र. आपल्या इमारतीची भिंत कशाची आहे हे बिल्डरला, सोसायटीच्या सेक्रेटरींना किंवा नेहमीच्या इलेक्ट्रिशियनला विचारा. एका फोनने चार हजार रुपये वाचतात.

पेटीसोबत फुकट मिळणाऱ्या पंचवीस बिटांवर भाळू नका. भिंतीसाठी टोकाला कार्बाइड असलेलं बिट लागतं, लोखंडासाठी वेगळं आणि लाकडासाठी वेगळं. हार्डवेअरच्या दुकानातून ६ आणि ८ मिलिमीटरची भिंतीची दोन चांगली बिटं, लाकडाची दोन आणि त्याच मापाच्या गिट्ट्या घ्या. एवढ्यावर घराची कित्येक वर्षं निघतात. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायरचा पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो. आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

मग घ्यावं तरी काय? वर्षातून चार वेळाच भोक पाडायचं असेल आणि खोलीत प्लग असेल, तर वायरवालं ड्रिल घ्या. दोन-तीन हजारांत चांगल्या कंपनीचं ५००-६०० वॉटचं मिळतं, दहा वर्षं कपाटात पडलं तरी त्याचं काही बिघडत नाही. बॅटरीचं मशीन मात्र वापरा की नका वापरू, त्याची बॅटरी म्हातारी होतच राहते. हे जाहिरात कधी सांगत नाही. बॅटरीच्या मशिनाची खरी गंमत स्क्रू फिरवण्यात आहे. बिजागऱ्या कसायच्या, तयार फर्निचर जोडायचं, गच्चीवरचं शेड दुरुस्त करायचं, वीज गेलेली असताना गावच्या घरात काम करायचं, तिथे ते हवंच. १२ व्होल्टचं ड्रिल बॅटरीसकट साधारण किलोभर भरतं, त्यामुळे ज्यांच्या मनगटात पूर्वीचा जोर राहिलेला नाही त्या आजी-आजोबांनाही ते पेलतं. घरासाठी मी तेच सुचवेन. १८ व्होल्टकडे वळायचं ते पुढे ग्राइंडर, करवत किंवा बागेतली यंत्रंही त्याच बॅटरीवर चालवायची असतील तरच. ब्रशलेस मोटर चांगली असते, बॅटरी जास्त वेळ पुरते, पण घरच्या कामाला कार्बन ब्रशवाली मोटरही पुरेशी आहे. तिचे ब्रश स्वस्त असतात आणि पुष्कळ मशिनांत ते बदलून मिळतात.

एक गोष्ट मात्र मनात पक्की करा. पहिलं मशीन घेताना तुम्ही बॅटरीचं घराणं निवडत असता. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशिनात बसत नाही. बॉशची तर हिरव्या रंगाच्या घरगुती यंत्रांची १८ व्होल्टची बॅटरी त्याच बॉशच्या निळ्या व्यावसायिक यंत्रात लागत नाही. म्हणून घेण्याआधी भाऊ, मेहुणा, शेजारी यांच्याकडे कोणतं घराणं आहे ते विचारा. तेच घेतलंत तर अडीअडचणीला बॅटरी उसनी मिळते.

सवलतीबद्दलही थोडं मोकळेपणाने सांगायला हवं. टक्के मोजले जातात ते छापील किमतीवर, आणि हत्यारांच्या बाजारात छापील किमतीला माल क्वचितच विकला जातो. मुंबईच्या नागदेवीला किंवा पुण्याच्या बोहरी आळीत कुठल्याही मंगळवारी गेलात तरी दुकानदार त्याहून कमीच सांगतो. तेव्हा सणाच्या महिनाभर आधी दोन ठिकाणी भाव विचारून वहीत लिहून ठेवा आणि सूट त्याच्याशी ताडून पाहा. ऑनलाइन पानावरची अक्षरं शेवटपर्यंत वाचा. फोटोत बॅटरी दिसते, पण मजकुरात ‘सोलो’ किंवा ‘बेअर’ असतं, म्हणजे नुसतं मशीन. मकिताच्या मॉडेलच्या शेवटी झेड हे अक्षर असेल तर त्याचा अर्थ बॅटरी आणि चार्जर नाही. बॅटरी-चार्जर वेगळे घ्यायला गेलात तर मशिनाएवढेच पैसे जातात. पेटीवर उत्पादनाचा महिना, आणि माल आयात केलेला असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि मूळ देश छापलेला असणं कायद्याने बंधनकारक आहे. तो महिना पाहा. मोठ्या सवलतीत पुष्कळदा जुना साठा निघतो, आणि दोन-तीन वर्षं फळीवर बसलेली बॅटरी नवीन असूनही थकलेली असते. बिल पक्कंच घ्या. आपल्या जिल्ह्यात कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का ते विचारा. पेटी आली की त्याच आठवड्यात बॅटरी पूर्ण चार्ज करून लाकडाच्या फळीत स्क्रू मारून पाहा, दिवाळीनंतर बघू म्हणून ठेवून देऊ नका. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मूळ बॅटरी गेली की ‘हुबेहूब चालणारी’ बॅटरी निम्म्या किमतीत मिळते. इथे माझं मत कडक आहे, घेऊ नका. बॅटरीत सेलइतकीच महत्त्वाची असते ती आतली पट्टी, जी सेल जास्त भरू देत नाही, पार उतरू देत नाही आणि तापले तर बंद करते. स्वस्त नकलेत काटछाट होते ती तिथेच. लिथियम सेल पेटला तर तो विझवणं कठीण असतं, आणि चार्जर बहुतेक घरांत पडद्याशेजारच्या किंवा पलंगाशेजारच्या प्लगला लावलेला असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांसाठी आयएस १६०४६ हे मानक आहे. अंगावर मानक चिन्हाजवळ ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर टाकून कुणाच्या नावावर आहे ते पाहता येतं. दोन मिनिटांचं काम आहे, कराच. गल्लीतल्या दुकानात जुन्या बॅटरीत नवे सेल टाकून घेण्याचाही मोह होतो. ते ‘नवे’ सेल लॅपटॉपच्या टाकाऊ बॅटरीतून काढलेले नाहीत, हे तुम्हाला कसं कळणार?

आपल्यापैकी पुष्कळांची मुलं-भाचरं अमेरिकेत आहेत आणि नोव्हेंबरच्या सवलतीत तिथे ही हत्यारं खरोखर स्वस्त मिळतात. तरी त्यांना आणायला सांगू नका. तिथले चार्जर सहसा १२० व्होल्टसाठी बनवलेले असतात, आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावले की जळतात. वॉरंटीही सहसा त्या देशापुरतीच. आणायचंच असेल तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत त्या चालत नाहीत. १०० वॉट-अवरच्या वर विमान कंपनीची परवानगी लागते. १८ व्होल्टची ५ अँपिअर-अवरची बॅटरी ९० वॉट-अवर, म्हणजे आत बसते. ६ ची १०८, ती अडते. ड्रिल मात्र बॅगेतच द्यावं लागतं.

घेतलेली बॅटरी जपायची कशी, याबद्दल जुन्या सवयी अजून टिकून आहेत. ‘पूर्ण उतरू द्या, मगच चार्ज करा’ हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियमला तो उलटा मारक आहे. निम्मी उतरली तरी खुशाल चार्ज करा. बरेच दिवस वापरायची नसेल तर निम्मी भरलेली ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहा. काम करून तापलेली बॅटरी लगेच चार्जरवर बसवू नका, हाताला थंड लागू द्या. अकोला-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ती गाडीच्या डिकीत किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवू नका. कोकणात पावसाळ्यात मशिनाच्या बिट पकडणाऱ्या चकला तेलाचा हलका हात फिरवा, पण बॅटरीच्या जोडणीच्या पट्ट्या कोरड्याच ठेवा. रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. फुगलेली, गळलेली किंवा उंचावरून आपटलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका.

शेवटी सोसायट्यांना एक विनंती. काँक्रीटच्या भिंतींच्या टॉवरमध्ये प्रत्येक घराने स्वतंत्र रोटरी हॅमर घेण्याची गरज नाही. पुढच्या वार्षिक सभेत ठराव करून सोसायटीच्या ऑफिसात एक चांगला वायरवाला हॅमर, बिटांचा संच आणि दोन चष्मे ठेवा, नेणाऱ्याची नोंद रजिस्टरमध्ये करा. तिथेच झाकणाचा एक पत्र्याचा डबा मेलेल्या बॅटऱ्यांसाठी ठेवा. बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम सांगतात की त्या इतर कचऱ्यात मिसळायच्या नाहीत. घंटागाडीत गेलेली बॅटरी दाबली जाते आणि कचऱ्यालाच आग लागू शकते. टाकताना दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा, डबा उन्हापासून दूर ठेवा, आणि दर काही महिन्यांनी ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला फोन करून तो रिकामा करून घ्या.