घराची मोड

जुना दागिना मोडायचा झाला, की आमच्या गृहिणी सोनाराच्या काट्यासमोर डोळ्यांत तेल घालून बसतात. गुंजभर सोने इकडचे तिकडे व्हायचे नाही. पण तीनशे तुळयांचा वाडा मोडताना यजमान तो खुशाल कंत्राटदाराच्या हवाली करून मोकळे होतात!

ताडोबाच्या वेशीवरच्या मोहर्लीला वाघ पाहायला जाल, तेव्हा त्या मुलखातली जुनी घरेही पाहा. सागाचे खांब, मयाली (आपल्याकडे त्यांना तुळया म्हणतात), बांबूचा कूड आणि वर कवेलू. खाचेत बसवलेला खांब सुटा होतो. मातीत किंवा चुन्यात बांधलेली वीट अखंड निघते. सिमेंटातली मात्र फुटते, सुटत नाही. जुने लोक उकलता येईल असे घर बांधीत. आपण फक्त पाडता येईल असे बांधतो.

वर्षानुवर्षे छपराखाली वाळलेला साग नव्या ओल्या फळीसारखा पिळवटत नाही. त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही. बाहेरचे पांढरे लाकूड मात्र तिला आवडते, ते तासून टाकावे. करवत लावण्याआधी प्रत्येक खिळा उपटावा, नाहीतर पाते गेलेच. साग गावाबाहेर न्यायचा तर वनखात्याकडे आधी चौकशी करावी. आणि वाड्याचे दार दिवाणखान्यात शोभेला टांगू नये. दाराने उघडावे, मिटावे.

कवेलूंचे काय? स्लॅब आला की ती उकिरड्यावर जातात. केरळात लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी कौलांना स्लॅबच्या पोटातच जागा दिली. खालच्या अंगाचा ताण लोखंडी सळई सोसते. तिथले बरेचसे काँक्रीट नुसते ओझे. सळयांच्या चौकटींत कौले मांडून वर काँक्रीट ओतले, की सिमेंट वाचते आणि छप्परही हलके होते. अभियंत्याच्या आराखड्याशिवाय मात्र हे करू नये.

विटा कमी पडल्या तर राखेच्या घ्याव्या. मोहर्लीजवळच्या इरई धरणाचे पाणी ज्या चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राला जाते, तिथे राखेला तोटा नाही. सुपीक माती वाचावी म्हणून केंद्र सरकारने १९९९ सालीच अशा केंद्रांपासून ५० किलोमीटरांच्या आतल्या वीटभट्ट्यांना २५ टक्के राख मिसळायला सांगितले होते.

दिवाळीनंतर ज्यांच्या वाड्यावर घण पडणार आहे, त्यांनी करारात एक ओळ घालून घ्यावी : लाकूड, फरशी, कौले आणि लोखंड मोजून मालकाच्या ताब्यात. कंत्राटदार कुरकुरेल, काम पंधरवडाभर लांबेल आणि तेवढे भाडे अंगावर पडेल.