मागला आंस

धाम नदीकांठच्या आमच्या पवनारास पावसाळ्यांत ओढे ओलांडावेच लागतात. त्यांतच घरच्या जुन्या जीपचा मागला आंस कुरकुरूं लागला. उघडून पाहतों तों आंतलें तेल दुधासारखें! तापलेला आंस थंड पाण्यांत शिरला कीं आंतील हवा आकसते; ब्रीदरचें छिद्र चिखलानें बुजलेलें असल्यास सीलांच्या फटींतून पाणी आंत ओढलें जातें.

सारे भाग रॉकेलनें धुतले, बेअरिंगांच्या टोप्यांवर खुणा केल्या, चकत्या डाव्या-उजव्या निराळ्या ठेविल्या. त्यांची अदलाबदल झाली कीं क्राऊन व पिनियन यांच्या दांत्यांतील मोकळीक बिघडते. गाडी अर्थातच ओंडक्यांवर घेतली होती. मुलाबाळांच्या घरांत नुसत्या जॅकचा भरंवसा कसला?

नवीं सीलें बसविलीं. ब्रीदर मात्र विसरलों. पुढल्या श्रावणांत तेल पुन्हां दुधाळ, आणि या खेपेस बेअरिंगही गंजलेलें. छिद्र तारेनें मोकळें करण्यास पांच मिनिटें पुरलीं.