‘कम्युनिकेशन स्किल’ नावाचे नवे सोवळे

करावे गावातून ऐरोली-महापेच्या कंपन्यांत मुलाखतीला जाणारी आमची मुले-मुली पदवीधर आहेत, व्याकरणही पक्के आहे. तरी ‘कम्युनिकेशन स्किल कमी’ असा शेरा पडतो. हे स्किल म्हणजे काय? ‘लेट्स सर्कल बॅक’ म्हणजे यावर नंतर बोलू. ‘आय ॲम स्वॅम्प्ड’ म्हणजे कामात बुडालोय. पाठ्यपुस्तकात हे नसते. ज्यांच्या घरात तीन पिढ्या ऑफिस आहे, त्यांना ते जेवताना फुकट मिळते. वारशाला गुणवत्ता म्हणायचे, ही जातीची जुनीच चलाखी!

मग इंग्रजीला नाके मुरडायची? मुळीच नाही. सावित्रीमाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकायला सांगितले. बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ मराठीत काढला, तर १९३६ मध्ये जातिनिर्मूलनाचा विचार इंग्रजीत मांडला.

म्हणून आम्ही म्हणतो, दर रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास बसा. दहा वाक्ये एकमेकांशी मोठ्याने बोला. ‘आय हॅव अ डाउट’ नको, ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा. नोकरीला लागलेल्यांनी शिकवावे. चुकणाऱ्याला कुणी हसू नये. भाषा घ्या, न्यूनगंड घेऊ नका.

जय भीम!