स्टेक पास्ता आणि बड्याचं गोश्त

शिरूरला किंवा दौंडला किराणा दुकानात गेलं की शेवयांच्या शेजारी आता पास्त्याची पाकिटं दिसतात. मुलांनी मोबाइलवर क्रीम, चीज आणि स्टेकचे तुकडे घातलेला पास्ता पाहिलेला असतो आणि रात्रीच्या जेवणाला तोच हवा, असा हट्ट असतो. त्यावर आपल्या घरांतून साधारण दोन उत्तरं मिळतात. एक, हे परक्यांचं खाणं, आपल्या दस्तरखानावर कशाला? दुसरं, त्यात काय काय घातलेलं असतं अल्लाहच जाणे. दुसरी शंका रास्त आहे आणि तिचं निरसन करता येतं. पहिली मात्र आम्हाला पटत नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल.

पास्ता म्हणजे कडक गव्हाच्या रव्याची, वाळवलेली शेवई. शरीफ अल-इद्रीसी या मुस्लिम भूगोलतज्ज्ञानं सिसिलीच्या राजा रॉजरसाठी 1154 मध्ये आपला मोठा ग्रंथ पूर्ण केला. त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया या गावाची नोंद आहे. तिथं ‘इत्रिया’ म्हणजे शेवया मोठ्या प्रमाणावर बनत आणि जहाजांतून मुस्लिम व ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांत जात. इटलीतल्या वाळवलेल्या पास्त्याची ही फार जुनी नोंद आहे आणि ती अरबी भाषेत आहे. पास्त्याला लागणारा ड्युरम गहू आपल्याकडे बन्सी म्हणून ओळखला जातो. उन्हाळ्यात गच्चीवर बाजेवर शेवया वाळत घालणाऱ्या आणि ईदला शीरखुर्मा करणाऱ्या घराला पास्ता परका वाटायचं कारण नाही.

आणि गव्हासोबत गोश्त? त्यासाठी शिरूर तालुक्यातच घोड नदीच्या काठी जावं लागेल. इनामगावात डेक्कन कॉलेजनं 1968 पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्या कामातली मोठी नावं. सुमारे 3600 ते 2700 वर्षांपूर्वी तिथं शेतकऱ्यांची वस्ती होती. तिथं गहू, जव, तांदूळ, डाळी, वाटाणा आणि तीळ सापडले. गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी, हरीण, मासे यांची हाडंही सापडली आणि त्यातल्या बऱ्याच हाडांवर कापल्याच्या खुणा होत्या. (त्या यादीत डुक्कर, कुत्रा आणि मगरही आहे, त्यांच्याशी आपलं देणंघेणं नाही.) धान्य आणि गोश्त दोन्हींवर जगणारी घरं या खोऱ्यात नवी नाहीत. नवी आहे ती गोश्त आणताना मनात असणारी धाकधूक. स्टेक म्हटलं की ती जास्तच वाढते, म्हणून कृतीआधी त्याबद्दल स्पष्ट बोलू.

परदेशातल्या कृतींमध्ये स्टेक म्हणजे गाय-बैलाच्या गोश्ताचा जाड काप. महाराष्ट्रात ते चालणार नाही. गाईच्या कत्तलीवर आपल्या राज्यात 1976 च्या कायद्यानं आधीच बंदी होती. 1995 च्या सुधारणेला 2015 मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैल, वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. म्हैस या बंदीत येत नाही, मात्र तिच्या कत्तलीलाही सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. म्हणजे आपल्याकडे बड्याचं गोश्त म्हणजे म्हशीचंच. ते परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावं आणि पावती मागून घ्यावी. पावती मागायला संकोच वाटतो हे आम्हाला माहीत आहे, विशेषतः दुकानदार ओळखीचा असेल तर. तरीही मागावी. मुलाला एकट्याला पिशवी देऊन लांबच्या बाजारात पाठवण्याचे हे दिवस नाहीत. ज्यांना या सगळ्यात पडायचं नसेल त्यांनी बकऱ्याच्या रानाचे पसंदे घ्यावेत. पास्त्याची चव त्यानं कमी होत नाही, फक्त खर्च वाढतो.

खर्चाचंही गणित सांगतो. स्टेक माणशी एक असा वाढायचा तर सहा माणसांच्या घराला सव्वा-दीड किलो गोश्त लागेल. तेच पातळ कापून पास्त्यात घातलं तर अर्ध्या किलोत सगळ्यांचं पोट भरतं. आम्हाला ही कृती आवडते ती मुख्यतः यासाठी.

आता लाल रसाचा प्रश्न. चित्रातला स्टेक आतून गुलाबी असतो, कापला की लाल पाणी सुटतं आणि आपल्याकडच्या थोरांना ते पाहवत नाही. कुरआनमध्ये, सूरह अनआममध्ये, हराम सांगितलं आहे ते वाहतं रक्त. रीतसर जिबह करताना ते निघून जातं. मांसात उरणारा लाल रंग मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा असतो. तेव्हा तो रस म्हणजे ते वाहतं रक्त नव्हे. तरीही आम्ही गोश्त पूर्ण शिजवूनच घ्यायला सांगतो, कारण इथं प्रश्न तब्येतीचा आहे. गरोदर बाई, लहान मुलं आणि म्हातारी माणसं ज्या ताटात जेवणार त्यात अर्धकच्चं गोश्त नसावं. गुलाबी स्टेक नाही मिळाला म्हणून कुणाचं काही अडत नाही.

खाटीकभाईंकडे ‘अंडरकट’ मागा. पाठीच्या कण्याखालचा हा भाग सर्वांत मऊ असतो, पण महाग आणि थोडाच निघतो. तो मिळाला तर बोटाच्या एका पेराएवढे जाड काप करून घ्या. नाही मिळाला तर रानाचं बिनहाडाचं गोश्त घ्या आणि पसंद्यासारखे पातळ, रुंद काप करायला सांगा. म्हशीच्या गोश्तात चरबी कमी असते, त्यामुळे ते लवकर कोरडं आणि चिवट होतं. अर्धा किलोला एक चमचा कच्च्या पपईचा वाटलेला गर, एक चमचा आलं-लसूण, दोन चमचे तेल आणि भरपूर जाडसर काळी मिरी चोळून ठेवा. रानाच्या कापांना तासभर, अंडरकटला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पपई लावून रात्रभर ठेवण्याची काही घरांत पद्धत आहे. कबाबाच्या खिम्याला ती कदाचित चालेल, कापांचा मात्र लगदा होतो. मीठ तव्यावर टाकताना लावा.

लोखंडी तवा धूर येईपर्यंत तापवा. कापांवरचा ओलसरपणा फडक्यानं टिपून घ्या. ओलं गोश्त तव्यावर उकडतं, भाजलं जात नाही. एका वेळी दोन-तीनच काप टाका आणि ते सारखे हलवू नका. एक बाजू गडद तपकिरी झाली की उलटा. या तपकिरी थरातच सगळी चव आहे. दोन्ही बाजू झाल्या की आच मंद करून झाकण ठेवा. अंडरकटला आणखी पाच-सहा मिनिटं लागतील. रानाच्या कापांना अर्धी वाटी पाणी घालून अर्धा तास किंवा काप मऊ होईपर्यंत वेळ द्या. बकऱ्याचे पसंदे असतील तर आधी कुकरला तीन-चार शिट्ट्या काढून मग तव्यावर परतलेले बरे. शिजलेलं गोश्त पाच मिनिटं ताटलीत तसंच राहू द्या, नंतर धाग्यांना आडवं, बारीक पट्ट्यांत कापा. धाग्यांच्या दिशेनं कापलं तर अंडरकटही चिवट लागतं आणि नानीच्या दातांची परीक्षा होते. तव्याला चिकटलेला मसाला थोड्या पाण्यानं खरवडून वाटीत काढून ठेवा, टाकू नका.

पास्ता घेताना पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला पाहा. मैद्याचा पास्ता स्वस्त असतो पण सॉसमध्ये गाळ होतो. चारशे ग्रॅम पास्त्याला चार लिटर उकळतं पाणी आणि दोन मोठे चमचे मीठ. पाकिटावर दिलेल्या वेळेपेक्षा एक-दोन मिनिटं आधीच उतरवा, कारण तो सॉसमध्येही शिजणार आहे. निथळण्याआधी वाटीभर पाणी बाजूला काढा.

सॉससाठी पन्नास ग्रॅम लोणी मंद आचेवर वितळवून त्यात दहा-बारा लसूणपाकळ्या बारीक चिरून टाका. लसूण लाल होण्याआधीच पन्नास ग्रॅम मैदा घालून दोन मिनिटं परता. कच्चा वास गेला की थंड दूध थोडं थोडं ओतत ढवळत राहा, एकूण पाऊण लिटर. एकदम ओतलं तर गुठळ्या होतात. आपल्या पट्ट्यात घरोघरी दूध आहे, त्यामुळे विकतच्या क्रीमची गरज नाही. ताजी साय अर्धी वाटी फेटून घाला. आंबूस झालेली मात्र नको, तिनं सॉस फाटतो. गॅस बंद करा आणि मग दीडशे ग्रॅम किसलेलं चीज घाला. उकळत्या सॉसमध्ये चीज घातलं तर ते चिकट तारांसारखं गोळा होतं आणि तूप वर सुटतं. चीज खारट असतं म्हणून मीठ सर्वांत शेवटी, चव पाहूनच. रक्तदाबाची गोळी घेणारं कुणी घरात असेल तर वरून मीठ नकोच.

चीजबद्दल दरवेळी विचारणा होते, ती योग्यच आहे. दूध घट्ट करायला रेनेट लागतं आणि जुन्या पद्धतीत ते वासराच्या जठरातून काढतात. इटलीच्या अस्सल पार्मिजानोत आजही तेच असतं. अशा चीजबाबत फिकहच्या मसलकांत मतभेद आहेत. देशावरची आपली बहुतेक घरं हनफी, कोकणातली शाफई, तेव्हा आपल्या आलिमांना विचारूनच ठरवावं. आपल्या बाजारातल्या चीजवर हिरवा ठिपका असेल तर त्यात प्राण्याचं रेनेट नाही, एवढी खात्री मिळते. पण हा ठिपका मद्याबद्दल काहीच सांगत नाही. त्यामुळे परदेशी तयार सॉसच्या बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय घेऊ नका. पुष्कळ कृतींत गोश्त झाल्यावर तव्यात वाइन ओततात. ‘उकळली की उडून जाते’ हे उत्तर ऐकून गप्प बसायचं कारण नाही, ती घालायचीच नाही. वाइनमुळे येणारा आंबटपणा हवाच असेल तर खरवडून ठेवलेल्या मसाल्याच्या पाण्यात एक चमचा सिरका घाला. सिरका तर आपल्या रसूल सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांना आवडणारं तोंडीलावणं होतं.

आता ते मसाल्याचं पाणी, पास्ता आणि राखून ठेवलेलं थोडं पाणी सॉसमध्ये घालून मंद आचेवर दोन मिनिटं हलवा. पास्त्याच्या पाण्यातला स्टार्च सॉस धरून ठेवतो. गोश्ताच्या पट्ट्या सर्वांत शेवटी. तिखटाशिवाय ज्यांचं जेवण होत नाही त्यांच्यासाठी हिरवी मिरची बारीक चिरून वेगळी ठेवा, सॉसमध्ये घालू नका. लहानांना मग तो खाता येत नाही. सोबत काकडी-कांद्याची कोशिंबीर हवीच, नाहीतर चार घासांत जड होतं.

आणखी एक सूचना. हा पास्ता वेगवेगळ्या बशांत वाढून मुलांच्या खोलीत पाठवू नका. मोठ्या थाळ्यात काढा, दस्तरखान अंथरा आणि सगळ्यांना एकाच वेळी बोलवा. सॉस दहा मिनिटांत घट्ट होतो, त्यामुळे उशिरा येणाऱ्याचं नुकसान आपोआप होतं, ओरडावं लागत नाही. मोबाइल मात्र दाराशीच ठेवून घ्यावे लागतील.

उरला तर डबा फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. गरम करताना अर्धी वाटी दूध घालून मंद आचेवर, झाकण ठेवून, वाफ येईपर्यंत. मोठ्या आचेवर ठेवलात तर खाली लागतो आणि वर तेल सुटतं.